कंदीलवाल्यावरचा संशय

सर कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे पाहत नसत, माणसांच्या मागे पाहत. यजमान "या, बसा" म्हणेपर्यंत त्यांनी कोनाडा, कपाटाची फट, दाराआडच्या चपला आणि खुंटीवरची पिशवी असं सगळं नजरेखालून घातलेलं असे. मग बसत, तेही भिंतीला पाठ लावून. आमच्या कुरुंद्यात त्यांना कुणी वाईट म्हणत नसे, पण ते येऊन गेले की बायका स्वयंपाकघरातले डबे एकदा चाचपून घेत. गेलेलं काही नसे. झालंच तर एखाद्या डब्याचं वाकडं बसलेलं झाकण सरांनी जाता जाता नीट बसवलेलं असे.

ही सवय त्यांना लागली ती एका जपानी चित्रकथेपायी. मंगा म्हणतात त्याला. तरुणपणी सर हैदराबादला नोकरी शोधायला गेले होते. नोकरी काही मिळाली नाही, पण फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात या मालिकेचे सुरुवातीचे भाग इंग्रजीत मिळाले. ते पिशवीत घालून सर परत आले आणि गणिताचे क्लास घ्यायला लागले. पुढचे भाग ते फोनवर वाचत, कारण मालिका संपलेलीच नव्हती. ती आजही संपलेली नाही. संपली असती तर माझ्या लग्नाच्या वेळी एवढा घोळ झाला नसता, असं माझं मत आहे.

गोष्ट साधी होती. बैलांच्या पाठीवर मीठ लादून एक तांडा बर्फातल्या घाटांतून गावोगाव जातो, आणि तांड्यातलं कुणीतरी वाटेची खबर दरोडेखोरांना देत असतं. तो फितूर कोण, एवढाच प्रश्न. सर स्वतः बंजाऱ्यांच्या तांड्यावरचे. त्यांचे पूर्वज असंच मीठ लादून मुलूखभर हिंडायचे, त्याला त्यांच्याकडे लदेणी म्हणतात. त्यामुळे पहिला संशय त्यांनी त्या जपानी चित्रकारावरच घेतला होता.

"हे आमचंच आहे," ते म्हणायचे. "बैल आमचे, मीठ आमचं, तांड्याचा नायक आमचा. बर्फ तेवढा त्याचा. त्याला हे सांगितलं कोणी, याचा तपास लागला पाहिजे."

जपानी नावं त्यांच्या जिभेवर बसत नव्हती म्हणून त्यांनी पात्रांना आपली नावं दिली होती. तांड्याचा म्हातारा पुढारी तो नायक. ज्याच्यावर मालिका चालली होती तो तरुण म्हणजे कानतुट्या, कारण त्याचा एक कान लांडग्यानं तोडलेला. सरांच्या मते तो बिनडोक होता. "तलवार काढायच्या आधी वरडतो. वरडून कोणी मारतं का?" बैलांच्या गळ्यात घंटा बांधणारी घंटीवाली त्यांना फार आवडायची, कारण ती कमी बोलायची. मधले काही भाग त्यांना मुळीच मान्य नव्हते. चित्रकाराला तिथं कंटाळा आलाय, असा त्यांचा आरोप होता. "नुसता बर्फ काढून राहिला. बर्फ काढायला काय लागतं? पान पांढरं सोडलं की झाला बर्फ." या मालिकेचा रंगीत सिनेमा निघाला तेव्हा सरांनी तो पाहायला नकार दिला. रंग दिला की खोटं लपतं, असं त्यांचं म्हणणं.

आणि कंदीलवाला. तांड्याच्या सगळ्यात मागे कंदील घेऊन चालणारा, सगळ्यांशी हसून बोलणारा, कुणाच्या बुटाची दोरी सुटली तर वाकून बांधून देणारा. फितूर तोच, हे सरांनी पहिल्या भागातच ठरवून टाकलं होतं.

"जो सगळ्याच्या मागं चालतो, त्याला सगळ्याच्या पाठी दिसतात," ते फळ्यावरची समीकरणं पुसता पुसता सांगायचे. "आणि ज्याच्याबद्दल कोणीच वाईट बोलत न्हाई, तो एक तर मेलेला असतो, न्हाई तर फितूर."

यावरून इंटरनेटवर देशोदेशीच्या वाचकांशी त्यांची भांडणं चालत. फिलिपिन्सच्या कुणा माणसानं कंदीलवाल्याची बाजू घेतली, तर हा माणूस फिलिपिन्सचा कशावरून, असं सर आम्हालाच विचारायचे.

सरांचा क्लास हळद शिजवायच्या कढयांच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये होता. मी दहावीपासून बारावीपर्यंत तिथंच शिकले. आमच्या घरी मात्र ते त्याच्या फार आधीपासूनचे. लहानपणी त्यांचे आईवडील ऊस तोडायला कारखान्यावर जात, तेव्हा शाळा बुडू नये म्हणून सर आमच्याच घरी राहिले होते. माझे वडील, म्हणजे अप्पा, त्यांच्या वर्गातले. आजी दोघांना एका ताटात वाढायची. निजामाच्या शाळेत थोडं उर्दू शिकलेले माझे आजोबा तेवढे सरांचं मंगाचं पुस्तक बघून चकित झाले नव्हते. मंगा उजवीकडून उघडतात. बाकी गाव म्हणायचं, मास्तर उलटं वाचतो. आजोबांनी ते हातात घेतलं, सरळ उजवीकडून उघडलं आणि म्हणाले, "बराबर तर आहे. किताब इकडूनच उघडते."

सरांच्या संशयाला गावात किंमत आली ती माझ्या चुलत बहिणीच्या लग्नाच्या वेळी. आमच्याकडे स्थळ आलं की मुलीकडचे लोक गुपचूप मुलाच्या गावी चौकशीला जातात. आपण कोण हे सांगायचं नाही. हळदीचं बेणं पाहिजे, बैल घ्यायचाय, असं काहीतरी निमित्त काढायचं, गिरणीत, न्हाव्याकडे, स्टँडवरच्या दुकानात बसायचं, आणि पाणी प्यायच्या मिषानं घरात डोकावून यायचं. त्या वेळी काकांनी सोबत म्हणून सरांना नेलं. मुलाच्या घरी बैठकीत नवाकोरा फ्रिज होता. सगळे फ्रिजकडे बघत होते, सर फ्रिजच्या मागे बघत होते. मागे भिंतीत वायर लावायला जागाच नव्हती. सरांनी गार पाणी मागितलं, ते माठातून आलं. फ्रिज शेजाऱ्याचा निघाला, आणि पुढे तपास केला तर दाखवलेली जमीनसुद्धा शेजाऱ्याचीच.

"बोलणाऱ्याच्या तोंडाकडं काय बघता?" सर परत येऊन म्हणाले. "चित्रात मागं काय काढलंय ते बघा. चित्रकार खरं मागं काढतो."

तेव्हापासून गावातली कुठलीही चौकशी सरांशिवाय होईना.

मग माझं स्थळ आलं. मुलगा पुसेगावचा, गुरांच्या दवाखान्यात नोकरीला. पाहण्याच्या कार्यक्रमात त्यांच्याकडच्यांनी मला नेहमीचं सगळं विचारलं. शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, पुढं नोकरी करायची का. सगळ्यांचं विचारून झालं तेव्हा मुलगा म्हणाला, "आता तुमी पण विचारा मला." असं म्हणणारा मी पाहिला नव्हता. मला ऐन वेळी एकही प्रश्न सुचला नाही, मी नुसती "काही न्हाई" म्हणाले. पण त्या एका वाक्यावर माझं मन बसलं, हे मी उघड सांगते. त्यांचा होकार दोनच दिवसांत आला. आमच्याकडून चौकशी तेवढी राहिली होती.

अप्पा आणि सर बैल घ्यायचं निमित्त काढून मोटारसायकलवर पुसेगावला गेले आणि मुलाच्या घरी पाणी पिऊन दिवस मावळायच्या आत परत आले. अप्पा खुशीत होते. सर ओसरीवर भिंतीला टेकून बसले.

"काय म्हणतंय गाव?" आईनं विचारलं.

"सगळे चांगलं म्हणून राहिले," सर म्हणाले. "न्हावी चांगलं म्हणतो, गिरणीवाला चांगलं म्हणतो. म्हणूनच मला संशय येऊन राहिला."

"मास्तर, चांगल्याला लोक चांगलंच म्हणणार की," अप्पा म्हणाले.

"घरात कोण कोण राहातं म्हणून तूच विचारलं ना न्हाव्याला? काय म्हणाला तो? मायबाप आणि एकुलतं एक पोरगं. बहीण न्हाई, कोणी न्हाई. मंग मागच्या दोरीवर शाळेचा निळा फ्रॉक कोणाचा वाळत होता?"

 आईनं माझ्याकडे पाहिलं. 

"एखाद्या पाव्हण्याचा असंल," अप्पा म्हणाले.

"पाव्हणं लेकरू शाळेचा फ्रॉक घेऊन येतं का?" सर म्हणाले. "हा कंदीलवाला आहे, दोस्ता. हसतो, वाकतो, आणि मागं काहीतरी लपवतो. थांबा जरा."

आता यात सरळ उपाय होता, की त्यांनाच विचारायचं. पण चौकशीतली गोष्ट त्या घरी विचारायची नसते. विचारली म्हणजे तुम्ही संशय घेतला, आणि संशय घेतला म्हणजे स्थळ मोडलं. म्हणून अप्पांनी पुसेगावला "कळवतो" असा निरोप दिला आणि गप्प बसले. लग्नसराई तोंडावर आली होती. ते लोक किती थांबणार? मी मात्र रोज नवे संशय घेत होते. कधी त्या मुलाचं आधी एक लग्न झालेलं असे, कधी तो फ्रॉक त्याच्याच मुलीचा असे. सरांच्या शाळेत शिकलेली ना मी.

शेवटी मी एक वेडेपणा केला. ती मालिका पहिल्यापासून वाचायला घेतली. सर ज्या कंदीलवाल्याचं नाव माझ्या होणाऱ्या नवऱ्याला देत होते, तो आहे तरी कसा, हे मला बघायचं होतं. वाचताना मी सरांनी शिकवलं तसंच केलं, बोलणाऱ्यांकडे न बघता मागे बघत गेले. आणि सरळ शेडमध्ये जाऊन सरांसमोर फोन धरला.

"सर, तांडा जेवायला बसतो ती चित्रं बघा. कंदीलवाला कुठंय?"

"दाराशी. पळायला सोपं."

"त्याची वाटी बघा."

सरांनी चष्मा वर केला. वाटी रिकामी होती. मी पुढचं जेवण दाखवलं, त्याच्या पुढचं दाखवलं. सगळ्यांच्या वाट्या भरलेल्या, त्याची रिकामी, आणि शेजारी बसलेल्या लहान पोराच्या वाटीत नेहमी जास्तीचं. बाहेर कढयांमधून हळदीची वाफ उठत होती. सरांनी फोनवर ती चित्रं पुन्हा पहिल्यापासून पाहिली.

"चित्रकार विसरला असंल," ते म्हणाले.

"प्रत्येक जेवणात विसरला? इतक्या भागांत त्यानं काही वाईट केलेलं न्हाई, सर."

"अजून केलं न्हाई," सर म्हणाले.

या उत्तरावर मी पाय आपटत अप्पांच्या दुकानावर गेले आणि सगळा राग अप्पांवर काढला. एका चित्रकथा वाचणाऱ्या माणसाच्या नादानं तुम्ही माझं स्थळ घालवताय, म्हणाले. काहून एवढं ऐकता त्यांचं? अप्पांचं स्टँडवर खत-बियाण्यांचं दुकान आहे. दुकानाचं शटर ओढून ते पायरीवर बसले आणि मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली.

सरांचं लग्न एकदा ठरत आलं होतं. मुलगी सरांना पसंत होती. मुलीकडचे लोक चौकशीला आले आणि रीतीप्रमाणे आधी स्टँडवरच्या दुकानात, म्हणजे अप्पांकडेच आले. अप्पांनी त्यांना चहा पाजला, सरांची तोंड भरून स्तुती केली. आणि शेवटी मित्राची थट्टा करावी तसं म्हणाले, "माणूस सोन्यासारखा. फक्त पुस्तक शेपटाकडून वाचतो."

चौकशीत वाईट कुणी उघड सांगत नाही. ऐकणारे त्या 'फक्त'चीच वाट बघत असतात, आणि त्याच्यापुढे जे येईल ते पांघरूण समजून खाली काय दडलंय त्याचा अंदाज करतात. ते लोक हसले, चहा संपवला आणि गेले. मुलीच्या बापानं सगळीकडे सांगितलं की पोराच्या डोक्यात बिघाड आहे, त्याच्या जिवलग दोस्तानंच सुचवलं. त्यानंतर सरांना स्थळ आलं नाही.

"सरांना माहीत आहे हे?" मी विचारलं.

"मी सांगितलं न्हाई. त्यानं विचारलं न्हाई," अप्पा म्हणाले. "सगळ्या दुनियेवर संशय घेतो, माझ्यावर कधी घेतला न्हाई. अशा माणसाचं मी ऐकायचं न्हाई, तर कोणाचं ऐकायचं?"

 मला एक कळलं, की मुलीकडच्यांनी सरळ न विचारल्यानं एका माणसाचं आयुष्य गेलं होतं. मी शेतात गेले, विहिरीच्या काठावर बसून पुसेगावला फोन लावला.  त्यानं उचलला.

"तुमी म्हणाले होते, तुमी पण विचारा. आता विचारते."

"विचारा."

"तुमच्या मागच्या दोरीवर शाळेचा निळा फ्रॉक कोणाचा वाळत होता?"

 मला वाटलं, संपलं.

"तांड्यावरच्या पोरीचा," तो म्हणाला. "तिचे मायबाप ऊस तोडायला गेलेत कारखान्याला. नेली असती संगं तर शाळा बुडाली असती. आईनं ठेवून घेतली."

"मंग कोणी सांगितलं काहून न्हाई?"

"विचारलं कोणी? गावाच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काय आहे? तुमच्या वडलांना आमी ओळखलं, पण ते तर बैलाचा भाव विचारून राहिले होते." मग म्हणाला, "आता मी एक विचारू? तो आमच्या फ्रिजमागं डोकं घालणारा माणूस कोण होता?"

मी कपाळावर हात मारला. फ्रिज त्यांचाच होता, चालू होता. पण त्या दिवसापासून त्याच्या आईच्या मनात आमच्याबद्दल भलते संशय यायला लागले होते. असा माणूस ज्यांच्या घरी उठतो-बसतो, त्यांची पोरगी कशी असेल, असं ती म्हणत होती. म्हणजे आम्ही त्यांना लटकवलं होतं, आणि तेही नकाराच्या बेतात होते.

मी सरांना फ्रॉकचं सांगितलं तेव्हा ते खडू हातात घेऊन उभे होते. ते खाली बसले. भिंतीला न टेकता.

"मला पाह्यल्याबरोबर कळायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "मला न्हाई तर कोणाला? मीबी असाच तुमच्या दोरीवर वाळलो, बाई." थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "कितवीला आहे ती?"

आमचा होकार गेला. दुसऱ्या दिवशी मुलाच्या आईचा अप्पांना फोन आला. ओसरीवर सगळे होते, सरही. अप्पांना फोनवर मोठ्यानं बोलायची आणि ऐकायची सवय, त्यामुळे पलीकडचं सगळ्यांना ऐकू येत होतं.

"पोरगी आमाला पसंतच आहे," ती म्हणाली. "पण तो मागं मागं बघणारा माणूस लग्नात नको. आमच्याकडं लोक नाना बोलतात."

सर लगेच उठले. "बराबर आहे त्यांचं," ते हळूच मला म्हणाले. "मीबी माझ्यावर संशय घेतला असता. मी न्हाई येत. तू कर लग्न." ते चपला शोधायला लागले.

अप्पांनी त्यांचा सदरा मागून पकडला. दुसऱ्या हातात फोन होता.

"ताई," ते म्हणाले, "त्या माणसाचे मायबाप कारखान्याला जायचे. तो आमच्या घरी राहून शिकला. माझ्या आईनं आमचे दोघाचे कपडे एका दगडावर धुतले. तुमच्या घरी ते लेकरू आहे ना, तसाच हा आमच्या घरचा आहे. तो येणार. तो नको असंल तर..."

इथं अप्पा थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला ते स्थळ हवं होतं, किती हवं होतं हे त्यांना ठाऊक होतं. माझे डोळे भरले होते, पण मी मानेनंच 'सांगा' म्हणाले.

"तर लग्नबी नको," अप्पा म्हणाले.

 पलीकडून भांडं घासल्याचा आवाज आला, आणि "आजी, माझी वही" असं एक बारीक ओरडणं.

"मंग या म्हणावं त्याला," मुलाची आई म्हणाली. "आणि आमचा फ्रिज आता खरंच बंद पडलाय. डोकावतोच आहे तर मागून तेवढा बघून दे म्हणावं."

लग्न झालं. लग्नाच्या फोटोंत सर शोधावे लागतात. ते सगळीकडे मागे आहेत, दाराशी, आणि त्यांच्याजवळ निळ्या फ्रॉकातली ती मुलगी. ती त्यांच्या फोनमध्ये काहीतरी वाचताना दिसते आणि सर दुसरीकडेच कुणावर तरी नजर ठेवून आहेत.

मी पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा अप्पा आणि सर ओसरीवर चहा पीत बसले होते. मालिकेचा नवा भाग आला होता. फितूर अजून सापडला नव्हता.

"कंदीलवाल्याला आता तरी सोडा, सर," मी म्हणाले.

"सोडला. आता माझा संशय चित्रकारावर आहे. मुद्दाम लांबवून राहिला तो."

"आणि माझ्या नवऱ्याला?"

"त्यालाबी सोडला. चांगला माणूस आहे. सोन्यासारखा. फक्त..."

सर थांबले. अप्पांची बशी ओठांपाशी तशीच राहिली.

"फक्त काय, सर?"

सर माझ्याकडे बघत नव्हते. अप्पांच्या मागच्या भिंतीकडेही नाही. सरळ अप्पांच्या तोंडाकडे बघत होते.

"काही न्हाई," ते म्हणाले. "तो शब्द सोडून देऊ आपण, दोस्ता. मला एकदा पुरला तेवढा. चहा पी, गार होऊन राहिला."